पाऊस उघडला की येतो

ता. ७ ऑक्टोबर, मंगळवार. आकाश निरभ्र, कडक ऊन... आणि हेच तर माझं दुखणं आहे! तुम्हाला सांगतो, यंदा मे महिन्यातच पाऊस लागला, तेव्हापासून ज्या उन्हाची वाट पाहिली, ते पडलं केव्हा, तर आमच्या वावरातला झेंडू पार कुजून, काळा पडून, त्याचा वास चाकण रस्त्यापर्यंत गेल्यावर. दसरा झेंडूशिवाय गेला. म्हणजे लोकांचा झेंडूसकट गेला, आमचा झेंडूशिवाय.

आता सरकार मदत देतं, नाही असं नाही. फक्त आधी पंचनामा व्हायला हवा, म्हणजे तलाठ्यानं वावरात येऊन नुकसान डोळ्यांनी बघायला हवं. आमचे तलाठी भाऊसाहेब तसा भला माणूस. कधीही फोन करा, उचलणार, गोड बोलणार आणि म्हणणार, "पाऊस उघडला की येतो." अहो, पाऊस उघडत नाही म्हणून तर नुकसान झालंय ना? उद्या डॉक्टर म्हणेल, ताप उतरला की तपासायला येतो... बोलायचं काय आपण?

मी कंपनीत शिफ्टला. रजा मागितली की सुपरवायझर विचारतो, आज कोण येणार, तलाठी की पाऊस? घरी आईला फोन केला की आई, म्हणजे आमची रतनबाई, तेच सांगणार, न्हाई आलं कोन, पाऊस उघडला की येतो म्हन्लाय. त्यात बांधाला बांध लागून आमचे साहेबराव. त्यांनी आपल्या वावरात मुरूम टाकून कंपन्यांच्या ट्रेलरना जागा भाड्यानं दिलीय. रोज बांधावर उभे राहून मला शिकवणार, "राव, कशाला चिखल तुडवतो? मुरूम टाक, ट्रेलर उभे कर. ट्रेलर भिजला तरी कुजत नाही." आणि खोटं काय आहे त्यात? सांगा ना!

शेवटी माझं आणि आईचं ठरलं. मदत मिळाली तर रान पुन्हा उभं करायचं, कांदा लावायचा. नाही मिळाली तर मुरूम. आईनं मान डोलावली आणि त्या दिवशी जेवली नाही.

तर सोमवारी ऊन पडलं आणि भाऊसाहेबांचा स्वतःहून फोन, उद्या सकाळी येतो. मी कामावरूनच आईला कळवलं, उद्या साहेब येणार आहेत आपलं वावर बघायला. बस्स! एवढंच बोललो, पुढचं बोलायचं राहिलं. आता आमच्याकडची रीत अशी की, बघायला कुणी येणार म्हटलं, मग सोयरीक असो नाहीतर सत्यनारायण, आधी झाडलोट. आईनं भजनातल्या सगळ्या बायका बोलावल्या, दिवस मावळेपर्यंत कुजका झेंडू मुळासकट उपटला. बरं, बांधावर ढीग तरी ठेवावा? नाही! ओढ्याला पाणी होतं, दिला सोडून. मंगळवारी डबल शिफ्ट उरकून मी पोचतो तर वावर आरशासारखं, बांधावर रांगोळी आणि भाऊसाहेबांसाठी हार... झेंडूचा. चाकणच्या बाजारातून विकत आणलेला!

भाऊसाहेब आले. हार घालून घेतला, पोहे खाल्ले, चहा प्याले, मग इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "रविराज, नुकसान कुठंय?"

माझ्या आधी आईच बोलली. "व्हतं की. पर तुमी येनार म्हून काढलं. तसलं रान बघून तुमाला वाटलं असतं, आमी कष्टच केलं न्हाईत."

भाऊसाहेबांनी गळ्यातला हार काढून हातात घेतला आणि म्हणाले, "आजी, फोटोत कुजकंच दिसावं लागतं हो." मी माझ्या मोबाइलमधले जुने फोटो काढले, नुसते नाकाला वास यावा असे फोटो! ते म्हणाले, हे चालत नाहीत, आमच्या ॲपवर आजचेच, जागेवरचे लागतात. ओढ्यात वाहून गेलंय म्हटलं, तर म्हणाले, ओढा माझ्या पंचनाम्यात बसत नाही. शेवटी त्यांनी फोटो काढला. रांगोळी, साफ वावर आणि मधोमध डोक्यावर पदर घेतलेली, हसणारी आमची आई. काय सुंदर आलाय म्हणून सांगू!

साहेबराव बांधावरून बघत होते. तिथूनच त्यांनी मला मुरूमवाल्याचा नंबर पाठवला.

पंचनाम्यात नोंद झाली, 'जमीन स्वच्छ, पीक नुकसान आढळून आले नाही.' आईनं सही केली. संध्याकाळी पुन्हा पाऊस लागला. मी मुरूमवाल्याला फोन केला.

तो म्हणाला, पाऊस उघडला की येतो.