नातीची खुर्ची आणि ट्रॅक्टरची चावी

...आणि वर सगळ्या गावात सांगत फिरत्यात, म्हातारा मारकुटा हाय म्हणून! मी? तुम्हाला सांगतो पावणं, मी जन्मात कुणावर हात उचलला न्हाय! बैलाला नुसता चाबूक दाखवायचो, मारायचो न्हाय. आणि मला म्हणत्यात...

झालं काय, शेजारच्या धनपाल अण्णांच्या गोठ्याची भिंत पडली जरा. माझ्याच ट्रॅक्टरनं पडली, मी कुठं न्हाय म्हणतोय? तर आमचं चिरंजीव अमरसिंह डोळं वटारून म्हणतंय, "आबा, चावी ठेवा खाली! वय झालं तुमचं." मग त्याची लेक मधी पडली, स्नेहल. ती कागलच्या एमआयडीसीत गाडी शिकायच्या खुर्च्या बनवती. डोळ्यांवर डबडं बांधायचं, त्यात रस्ता दिसतोय, आणि बुडाखाली खुर्ची हलती. म्हणाली, "आबांना हिच्यावर बसवू. नीट चालवलं तर चावी त्यांचीच."

गेलो की! आख्खं घर गेलं. पोरगी समजावती, "आबा, गाडी पळाली की खुर्ची मागं झुकणार, पाठीला रेटा बसणार. मग ती गुपचूप सरळ होती, तुम्हाला कळायचंबी न्हाय." म्हणजे बघा, आधी मुस्काटात ठेवून द्यायची, मग पाठीवरनं हळूच हात फिरवायचा! म्हटलं चालू दे बाई, माझं कुणाशी भांडण न्हाय, मी जन्मात कुणावर...

धाडकन बसला की हो दणका! ब्रेक दाबला तर नाक स्टेरिंगवर, क्लच सोडला तर टाळकं मागं, खड्डा आला तर कवळी बाहेर! तुडव तुडव तुडवला मला! मग आला चढ. रेस दिली, खुर्ची झुकली मागं... आणखी झुकली... आता उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या माणसाला ह्याचा अर्थ एकच की! मागच्या वजनानं ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली! मी बोंबललो, "आरं बसा पुढं! बसा!"

आणि बसला की! कोण? अमरसिंह! मी वरडायचं आणि त्यानं पळत जाऊन वजनाला बोनेटवर उडी टाकायची, ही आमची जन्माची रीत. डबडं माझ्या डोळ्यांवर, ह्याला तर दिसतंय का न्हाय? तरी शंभर किलोचा गडी धप्पदिशी खुर्चीच्या पुढच्या टोकावर! मग पिसाळली खुर्ची! ती त्याला उचलून आपटती, तो तिला मिठी मारतोय, आणि मी ब्रेक समजून जे दाबतोय ते त्याचं तोंड!

"आबा, मेलो!"

"आरं दाबून धर, अजून उचलतोय!"

तुम्हाला सांगतो, मी जन्मात कुणावर हात उचलला न्हाय. पाय म्हणत असाल तर... ते सोडा.

शेवटी सूनबाई उठली, वर्षाराणी. सावकाश गेली, भिंतीवरचं लाल बटण दाबलं. सगळं गार! अमरसिंहाचा हात मोडला, दात पडलं, खुर्चीची तंगडी वाकली. स्नेहल रडकुंडीला येऊन म्हणती, "आबा, तुम्ही किती नीट चालवत होता हो!" नीट चालवत होतो! ऐकलं न्हवं? पण घरात कोण ऐकतंय? पोरगं प्लास्टरात, मी मारकुटा, चावी गेली सुनेच्या कमरेला.

परवा ऊस भरला. मी आपला कट्ट्यावर, तोंड पाडून. तर ती ट्रॅक्टरवरनं हाक मारती, "मामंजी, नुसतं बसून काय करताय? चला की!" भरून आलं हो मला! चावी देती का काय! धोतर सावरत पळालो...

"पुढं बोनेटवर चढा. जरा वजन पायजे."

चढलो. काय करता?