माकड की गांधीलमाशी?

...आणि वर मलाच विचारतो, "तोकुजीआजोबा, पटकन सांगा, माकड की गांधीलमाशी?" अहो, हे काय चहा की कॉफी आहे? नगरपालिकेचा तो हानेदा, फॉर्म घेऊन दारात! म्हणे यंदा एका घरामागे एकच उपद्रव हटवून मिळेल. आज उत्तर दिलं नाही तर फाइल बंद. फाइल बंद म्हणजे हानेदाचं येणंही बंद!

तुम्हाला सांगतो, माकड म्हणजे एक नंबरचं निर्लज्ज! लालबुंद तोंड घेऊन येतं, मुळा उपटतं, एक चावा घेतं, फेकतं, दुसरा उपटतं... अरे मेल्या, एक तरी पुरा खा! गांधीलमाशी तशी नाही. रानातलं पोळं आणून घरामागच्या खोक्यात ठेवलंय, रोज कोंबडीचं काळीज भरवतो, गपगुमान कामाला जाते. थंडी पडली की पोळं फोडायचं, अळ्या सोया सॉसमध्ये शिजवून भातात कालवायच्या. आमची बायको, किनुए, होती तेव्हा पातेलंभर भात व्हायचा. आता वाटीभर करतो... तोही उरतो.

पण रानात पोळं शोधायला दोन माणसं लागतात हो! एकाने मांसाच्या कणाला पांढऱ्या कागदाची फीत बांधून माशीला द्यायची, दुसऱ्याने आभाळात ती फीत बघत माशीमागे पोळ्यापर्यंत धावायचं. शेजारचा इसोकिची धावायचा. "तोकुजी, डावीकडे! आंधळ्या, डावीकडे!" तो गेला मुलाकडे शहरात. यंदा फीत दिली मीच, धावलोही मीच, नाक वर करून... आणि धप्पकन भातखाचरात! कानात चिखल! बांधावर कोण? माकड! दात विचकून बघतंय. अख्ख्या गावात मला पडताना बघणारं तेवढंच एक उरलंय हो.

आता सांगा, माकड की गांधीलमाशी? एक कामसू, पण बर्फ पडेपर्यंत खोकं रिकामं. दुसरं ऐतखाऊ, पण बर्फातही येतं!

हानेदा म्हणाला, "पण आजोबा, सात तक्रारी तुम्हीच केल्यात ना?" केल्या! तक्रार केली की माणूस येतो, बूट काढतो, चहा पितो, "तब्येत कशी आहे" विचारतो. नुसतं "या" म्हटलं तर कोण येतंय?

"दोन्ही खोडा," म्हटलं.

"मग फाइल बंद करू?"

मी फॉर्मच धरून ठेवला हो! म्हटलं, "थांबा, थांबा... रानडुक्कर लिहा!"

"तुमच्याकडे रानडुक्कर येतं?"

"अजून नाही आलं... पण येईल गुरुवारी, दहाच्या सुमाराला. तुम्ही आपले साडेनऊलाच या. चहा टाकून ठेवतो."