मनिऑर्डर कमी आली तर मले परत आना

माझं माहेर फैजपुराच्या अलीकडं, दोन कोसावर. बापाचा केळीचा बाग व्हता अन् वरल्या वावरात कापूस. चार भावाइच्या पाठीवर मी एकली, म्हनून नाव सुभद्रा ठेवलं. स्वराज्य आलं त्याच साली माझं लगन झालं, मी तव्हा पंधराची असंन का सोळाची, कोनी मोजलं. नवरा पलटनीतला. धुळ्याले भरती निघाली तव्हा घरी न सांगता गेले, छाती मोजून घेतली अन् परत आले ते बूट घालूनच आले, असं माझी सासू सांगे. लग्नाले आठ दिवसाची सुटी, नवव्या दिवशी गाडी. मंग मी सासरी, यावलच्या अंगाले, अन् हे कुठं तर कुठं. वर्षातून एकदा यायचे, महिनाभर राहायचे, माझी पोरगी बापाले पाहून रडे, हा कोन मानूस घरात घुसला म्हनून. सांगा भाऊ, हा काय संसार झाला?

पोरगी चार वर्षांची व्हती तव्हा ह्याइले अंबाल्याले क्वार्टर भेटलं. चिठ्ठी आली, बायको-पोरीले आनायची परवानगी हाये, गाडीचा पास सरकार देते. नानाइनं, म्हंजे माझ्या सासऱ्यानं, चिठ्ठी वाचली अन् घडी करून खिशात टाकली. म्हने पास फुकट हाये, पन तिथं भांडं लागंन, बाज लागंन, थंडीचे कपडे लागतीन, दोन चुली होतीन, अन् दोन-तीन वर्षांत पलटन हालली का सगळं पडत्या भावात विका अन् पुन्हा नवं घ्या. पैसा वाचवाचा असंन तर सून इथंच बरी. आमच्यात सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडाचं नाही, पदर हनुवटीपर्यंत. मी काय केलं, भिंतीकडं तोंड केलं अन् भिंतीले सांगितलं. म्हटलं, माय भिंती, मी गेली तरी ह्याइची घरी मनिऑर्डर येते तितकीच येईन, एका महिन्याले जरी कमी आली तर मले परत आना, मी हूं का चूं करनार नाही. ओट्यावर चार मानसं बसली व्हती, सगळ्याइनं ऐकलं. नाना बी भिंतीलेच म्हने, जाऊ दे, पाहू.

बापानं भांडे दिले, लोनच्याच्या चार बरन्या दिल्या. बरन्या फुटतीन म्हनून कायमंधी गुंडाळाव्या? माहेरी कापूस वेचून आनलेला पडला व्हता, मी तो लाकडी पेट्याइत दाबून दाबून भरला, वरून दोन गोन्या बी भरल्या. मनात व्हतं, सामानाले मऊ होईन अन् तिथं गेल्यावर त्याच्याच रजया. आता हसाल तुमी. कापूस अगोदर जीनच्या कारखान्यात नेऊन त्यातलं बी, म्हंजे सरकी, काढाची असते ना, ती मी काढलीच नाही! आमच्या घरी कापूस म्हंजे वावरातून आला अन् गाडीत भरून गेला, रजई कोनी कव्हा भरली व्हती स्वतः. भुसावळ टेसनावर वजनकाट्याचा बाबू म्हने, बाई, यात लोखंड हाये काय, जास्तीचे पैसे भरा. मी म्हटलं भरत नाही. आजीचा पितळी हंडा काढला अन् पोचवाले आलेल्या भावाच्या हाती दिला, म्हटलं घेऊन जाय घरी. जीव तुटला माझा. भाऊ म्हने सुभद्रे, येडी झाली काय, कापूस टाक, हंडा ने. पन हंडा काही पोरीले पांघरता येत नाही.

अन् अंबाल्याची थंडी, काय सांगू तुमाले! आपल्या इकडली थंडी तिच्यापुढं काहीच नाही. पोरीचे ओठ निळे पडत. शेजारी एक पंजाबी बाई व्हती, सगळे तिले बीजी म्हनत. माझ्या गोन्या पाहून ती पोट धरून हसली, मंग माझ्यासंगं उन्हात बसून सरकी काढू लागली. हातानं, एक एक बी. बोटं सोलून निघाली. आठ दिवस आमचं तेच चालू व्हतं. दूधवाला दाराशी थांबला, ढीग पाहून म्हने, ये बिनौला बेचोगी? आपल्या सरकीले तिकडं बिनौला म्हनतात, म्हशीले चारतात. मी म्हटलं विकत नाही, दूध दे. दीड महिना पोरीले दूध भेटलं त्याच्यावर. ज्या सरकीपायी हंडा गेला तिनंच दूध पाजलं, मी कोनाजवळ रडू अन् कोनाजवळ हसू? बीजीनं पिंजारी बोलावला, माझ्या दोन लुगड्याइच्या खोळी केल्या, तीन रजया झाल्या. बाज घेतलीच नाही. पेट्या लायनीनं लावल्या, वर रजई, झाला पलंग. बरन्या पेट्याइच्या आत.

पहिल्या पगाराले हे म्हने, ह्या महिन्यात थोडे कमी धाडू, नानाले समजावून लिहितो. मी म्हटलं, लिहा का मंग, अन् माझा पास बी काढून आना. पूर्न गेली मनिऑर्डर.

मंग झाशी झाली, मंग बेळगाव. पलटन हालली का जुनं सामान घेनारा कबाडी दारात येऊन बसे, बायका रडत रडत बाजा, टेबलं त्याले देत, अन् नव्या गावी तेच दुप्पट भावानं घेत. मले म्हने, दीदी, आपका क्या है? म्हटलं, माझा राम राम घे अन् चालता हो. रजया उसवल्या का त्यातला कापूस बरन्याइले, बरन्या पेट्याइत, तिथं गेलं का पुन्हा शिव. क्वार्टरच्या लायनीतल्या दुसऱ्या बायकाइले बी मी हेच शिकवलं. एका मोठ्या साहेबाची बाई म्हने, पेट्यावर निजता, शोभत नाही. मी म्हटलं, बाईसाहेब, नवऱ्याजवळ निजते, ते शोभते. ती लाल झाली, मंग तिलेच हसू आलं.

खोटं नाही बोलनार, एकदा अडलं. पोऱ्या झाला त्या महिन्याले दवा, दाई, सगळंच आलं. माझ्या पायातले चांदीचे वाळे विकले अन् मनिऑर्डर पूर्न केली. हे रडले. मी नाही रडली, मले नानाइचा असा राग आला व्हता का समोर असते तर भिंत बी पाह्यली नसती. पन रागापेक्षा भेव मोठं व्हतं, कोनी म्हनंन चाल परत. आठ वर्षं, भाऊ, आठ वर्षांत एका महिन्याले कमी गेली नाही. नाना आजवर बोलले नाहीत का शाबास म्हनून. न बोलू दे.

औंदा ह्याइची बदली डोंगरात झाली, बरफात. तिथं बायका-पोराइले परवानगीच नाही. सासऱ्याशी भांडता येते, डोंगराशी काय भांडू? नाना म्हने आता तरी घरी ये, फुकट भाडं कशाले भराचं. मी दोन्ही पोराइले घेऊन पिंप्राळ्याले ही खोली घेतली, पोरगी जळगावच्या शाळेत जाते, मनिऑर्डर आता माझ्या नावानं येते अन् त्यातले नानाइचे मी धाडते.

मागच्या महिन्यात पैसे जास्त आले. सोबत चिठ्ठी, म्हने इथं मी दूध बंद केलं, गूळ बी घेत नाही, तुले बचतीची आवड हाये म्हनून. मले असा राग आला! पोरीले म्हटलं बस, लिही. लिही का मले बचतीची आवड कव्हाच नव्हती. मी वाचवे ते तुमच्याजवळ राहता यावं म्हनून. आता मी इथं अन् तुमी तिथं, तर पोट मारून कोनाले देता? दूध प्या, गूळ खा, अंगावर मांस धरा. देव तुमचे हातपाय धड ठेवो. क्वार्टरचा कागद येईन त्या दिवसापासून मी पुन्हा वाचवीन, तोवर एक पैसा वाचवाचा नाही, असा माझा हुकूम हाये म्हना.