हाकेचा खेळ

नणंद : आणि हे पान का गाळलंस?

भावजय : कुठलं, ताई?

नणंद : नवव्या आठवड्याचं. आठव्याला जलप्रलयातलं तारू आहे, दहाव्याला बी पेरणारा आहे, आणि मधे नुसती शिवण. पान फाटलेलं नाही, ब्लेडनं कापलंय. तीस वर्षं बालवर्ग सांभाळलाय मी. पोरांनी फाडलेलं पान कसं दिसतं ते मला चांगलं माहीत आहे.

भावजय : आमच्या खारूनं त्याच्यावर रंग सांडला होता. खराब झालं म्हणून काढलं.

नणंद : हं. हे खेळपुस्तक तुला चर्चच्या मंडळीनं दिलं ना?

भावजय : पाळकीणबाईंनी. आपल्या लेकरांना घरीच पवित्र शास्त्र शिकवणाऱ्या आयांसाठी आहे ते. एवढ्याशा मुलांना पाठांतर नाही, दटावणी नाही, सगळं खेळातून शिकवायचं. पहिल्या आठवड्यात अंधार आणि उजेड होता. आम्ही टेबलावरून काळी चादर सोडली, दोघी खाली शिरलो आणि मी बॅटरी पेटवली. इतकी हसली ती! तारू तर तिच्या फार आवडीचं. अजून खेळतो आम्ही. निळी चादर म्हणजे पाणी. हत्तीजवळ हत्ती, कासवाजवळ कासव, सगळ्या जोड्या एकटी लावते. अजून तीनची व्हायचीय, पण एकही चुकत नाही.

नणंद : पाहिलं मी काल. पोर डोळ्यांनी टिपते सगळं. तू मेंढी उचललीस, तिनं मेंढी उचलली. तू हात जोडलेस, तिनं जोडले.

भावजय : पाळकीणबाई म्हणतात, शनिवारी आणखी तिघीजणींना पाठवते, तुझं घर बघून शिकतील. मला तर संकोच वाटतो.

नणंद : तू डोळे मिटून प्रार्थना म्हणतेस, तेव्हा ती एक डोळा उघडा ठेवून तुझ्याकडे बघत असते. तू कधी थांबतेस ते तिला बघावं लागतं.

भावजय : सगळीच मुलं तसं करतात, ताई.

नणंद : करतात. सकाळी माझ्या हातून पातेलं पडलं.

भावजय : ऐकलं मी. फरशीचा टवका उडाला, जाऊ दे.

नणंद : तू ऐकलंस. वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. खारू माझ्याकडे पाठ करून बटणं निवडत होती, वाटीत लाल आणि ताटलीत पांढरी. तिनं मान वळवली नाही.

भावजय : खेळात रमली की तिला कशाचंच भान नसतं.

नणंद : म्हणून मी दुसऱ्यांदा मुद्दाम पाडलं.

भावजय : चहा टाकते.

नणंद : बस. चहा नकोय मला. नवव्या आठवड्याचं पान मला पाठ आहे गं. आम्हीही बालवर्गात तो खेळ घेतो. लेकराच्या डोळ्यांना रुमाल बांधायचा, कोपऱ्यात उभं राहून हाक मारायची आणि त्यानं आवाजाच्या मागे चालत यायचं. मेंढरू मेंढपाळाला आवाजावरून ओळखतं, असा तो धडा.

भावजय : हळू बोला, ताई.

नणंद : कुणासाठी हळू?

भावजय : (पदरानं डोळे टिपते.)

नणंद : चुकलं. जीभ घसरली माझी. अगं, रडू नकोस, तिचं लक्ष आहे इकडे. तिच्याकडे बघून हस जरा. हां. बघ, गेली परत खेळायला.

भावजय : आम्ही खेळलो होतो तो खेळ. रुमाल बांधला आणि मी कपाटाजवळून हाक मारली. ती जागची हलली नाही. दोन्ही हात पुढे धरून उभी होती, आधी हसत होती. मी मोठ्यानं हाक मारली. मग ओरडले. ती दाराकडे तोंड करून चाचपडायला लागली. मी इकडे, आणि ती मला तिकडे शोधतेय. मग तिनं भोकाड पसरलं. मी धावत जाऊन रुमाल सोडला, तर गळ्याला अशी मिठी मारली तिनं, की नखं रुतली.

नणंद : किती दिवस झाले?

भावजय : आठ महिने.

नणंद : आठ महिने! आणि तिला रविवारच्या वर्गाला न्यायचं बंद केलंस, तेही तेव्हापासून?

भावजय : तिथल्या बाईंनी दोनदा विचारलं होतं, ही हाक मारली की बघत का नाही म्हणून. मी म्हटलं, हट्टी आहे. मग म्हटलं, घरीच शिकवते. सगळ्यांना त्याचं कौतुकच वाटलं.

नणंद : डॉक्टरांना दाखवलंस का नाही?

भावजय : दाखवलं. पुढच्याच आठवड्यात बसनं दुसऱ्या गावी गेले, इथं कुणी ओळखीचं भेटेल म्हणून. काचेच्या खोलीत बसवलं तिला माझ्या मांडीवर. बाहेरून आवाज सोडत होते. मला ऐकू येत होते सगळे. एकेक आवाज वाढत गेला, शेवटी मला माझे कान झाकावेसे वाटले. आणि ती माझ्या बांगडीशी खेळत होती.

नणंद : दोन्ही कान?

भावजय : दोन्ही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात एकेक महिना मोलाचा असतो, उशीर करू नका. आधी यंत्र लावून बघू, नाहीतर ऑपरेशनचं बघू, आणि तोवर खुणांची भाषा सुरू करा. वडिलांना घेऊन या म्हणाल्या. तर वडील जहाजावर.

नणंद : मग तू काय केलंस?

भावजय : रिपोर्ट तिच्या लोकरीच्या कपड्यांखाली ठेवला. देवाजवळ एक वर्ष मागून घेतलं. म्हटलं, मी तिला रोज शिकवीन, तुझ्याच गोष्टी शिकवीन, एक दिवस चुकवणार नाही. वर्षभरात तू तेवढं कर.

नणंद : त्यानं दिलं ते वर्ष, की तूच घेतलंस?

भावजय : असं कसं बोलता? तुम्ही प्रार्थना करत नाही?

नणंद : करते. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांचे हात जोडून घेतलेत मी. पण अंगात ताप असलेलं पोर आधी घरी पाठवलं आणि मग त्याच्यासाठी प्रार्थना केली.

भावजय : नेहमी पाठवलंत?

नणंद : म्हणजे?

भावजय : काही नाही.

नणंद : काही नाही कसं? बोललीस ते पुरं कर.

भावजय : सोडा ना, ताई. रागात आलं तोंडात.

नणंद : तू रागात बोलणारी नाहीस. काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई? कशामुळे झालं?

भावजय : त्यांनी विचारलं, गरोदरपणी पहिल्या तीन महिन्यांत ताप आला होता का, अंगावर पुरळ उठली होती का. त्या तापानं पोटातल्या बाळाचे कान जातात म्हणे, आणि लागण झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुरळ उठते.

नणंद : उठली होती. मला फोनवर म्हणाली होतीस, पित्त उठलंय.

भावजय : मला तेच वाटलं होतं. बारीक, गुलाबी होती. तीन दिवसांत गेली. मी विसरूनही गेले.

नणंद : तिसरा महिना लागला होता तुला. मी येऊन गेल्यानंतर.

भावजय : हो.

नणंद : किती दिवसांनी?

भावजय : ताई, पुरे.

नणंद : किती दिवसांनी ते सांग.

भावजय : सोळा.

नणंद : बालवर्ग बंद होता तेव्हा. अर्ध्या पोरांच्या अंगावर पुरळ होती म्हणून आठ दिवस कुलूप लावलं होतं. अनायासे सुट्टी मिळाली म्हणून मी तुला बघायला आले. अंग मोडून आलं होतं माझं. मला वाटलं प्रवासानं. तुझ्याच पलंगावर तुझ्याच पांघरुणात झोपले. तू माझं डोकं चेपून दिलंस.

भावजय : मी कधी असं म्हटलं का तुम्हाला?

नणंद : म्हटलं नाहीस. पण दिवस मोजलेस.

भावजय : मोजले. एकदाच. परत कधी नाही मोजले.

नणंद : म्हणून मी येते म्हटलं की तुझ्याकडे रंगकाम निघायचं. पाहुणे यायचे. तुला बरं नसायचं.

भावजय : तुम्ही बघताक्षणी ओळखाल, ही भीती होती.

नणंद : तेवढंच?

भावजय : नाही. तुम्ही तिला मांडीवर घ्याल आणि गाणी म्हणाल. ते माझ्याच्यानं बघवलं नसतं.

नणंद : गायलेच असते मी.

भावजय : पाणी देऊ का, ताई?

नणंद : नको. किती वाजले?

भावजय : चारला पाच कमी. त्याचा फोन येईल आता. चारला पाळी सुटते त्याची.

नणंद : रोज येतो?

भावजय : जहाजाला रेंज असेल तेव्हा रोज. खारूच्या कानाला फोन लावायला सांगतो आणि गातो. भक्तिगीतं, बडबडगीतं, काय वाटेल ते.

नणंद : आणि ती?

भावजय : हसते. मोठ्या आवाजावर ठेवला की फोन गालावर थरथरतो ना, ते आवडतं तिला. त्याला वाटतं, गाणं ओळखून हसते.

नणंद : देवा! आज सांग त्याला.

भावजय : तुम्ही सांगा. तुमचं ऐकेल तो.

नणंद : नवरा तुझा आहे. माझ्या तोंडून कळलं तर तुला जन्मभर माफ करायचा नाही. मी इथंच बसते, तुझ्या शेजारी.

भावजय : मग माझं एक ऐका. सोळा दिवसांचं त्याला सांगू नका.

नणंद : का? माझी अब्रू झाकायला?

भावजय : त्याला एकच बहीण आहे.

(फोन वाजतो. सातव्या घंटीला भावजय तो उचलते आणि आवाज मोठा करते, दोघींना ऐकू जाईल इतका.)

भाऊ : काय बाई, सुटली का शाळा? की आज मोठ्या बाई तपासणीला आल्यात म्हणून जादा तास? ताई, छडी आणलीस का गं? हिला नको हं मारू, फार गुणी मास्तरीण आहे माझी.

भावजय : ऐक ना.

भाऊ : आधी खारूला दे. नवं गाणं बसवलंय. इंजिनखोलीत सगळ्यांचे कान किटवले दुपारभर.

भावजय : आज नको.

भाऊ : झोपली?

भावजय : जागी आहे. तिला ऐकू येत नाही.

भाऊ : मला पण नाही येत धड, हे इंजिन बघ ना! थांब, वर जातो. हां, आता? आता येतंय का?

भावजय : फोनचं नाही म्हणत मी. खारूला ऐकू येत नाही. काहीच नाही. जन्मापासून.

भाऊ : काय बोलतेस तू?

भावजय : डॉक्टरांना दाखवलंय.

भाऊ : अगं, पण ती हसते. रोज हसते माझ्या गाण्याला. मी ऐकतो की.

भावजय : फोन थरथरतो, त्याला हसते.

भाऊ : कधी दाखवलंस?

भावजय : आठ महिने झाले.

भाऊ : आठ महिने मी गातोय.

भावजय : हो.

भाऊ : आणि तू तिच्या कानाला फोन धरून बसत होतीस.

भावजय : हो.

भाऊ : ताईला दे फोन.

भावजय : माझं ऐकून तरी...

भाऊ : ताईला दे!

नणंद : बोल. मी आहे.

भाऊ : ती कुठंय?

नणंद : आत गेली. नळ सोडलाय.

भाऊ : इथं सगळे हसायचे मला, ताई. म्हणायचे, कसला वेडा बाप आहे, पाळी सुटली की रेलिंगला टेकून गातो. मीही हसायचो त्यांच्याबरोबर. आणि हिला माहीत होतं.

नणंद : तुला रागवायचंय ना, ये आणि रागव. फोनवर नको. आठ महिने ती एकटी होती रे. तुझ्या लेकीला तिनं अक्षर न उच्चारता किती शिकवलंय, ते येऊन बघ. चुकली ती, फार चुकली. पण बसून नाही राहिली.

भाऊ : आता काय करायचं?

नणंद : उद्या सकाळच्या बसनं आम्ही तिघी जातोय. तुझी सही लागली तर कळवते. तू कधी उतरतोस?

भाऊ : सहा आठवडे. मध्ये उतरता यायचं नाही.

नणंद : मग सहा आठवडे.

भाऊ : कशानं झालं हे, ताई?

नणंद : ...

भाऊ : ताई? आहेस ना?

नणंद : आहे. पोटुशी असताना ताप येऊन गेला तिला.

भाऊ : कुठून आला?

नणंद : ते तू आलास की सांगेन. समोरासमोर.

भाऊ : तुला माहीत आहे?

नणंद : माहीत आहे. तिला काही विचारू नकोस. मला विचार.

भाऊ : बरं. खारू काय करतेय आत्ता?

नणंद : भिंतीवर खिडकीचं ऊन पडलंय. त्यात हात धरून सावली बघतेय स्वतःची. बोटं मिटते, उघडते.

भाऊ : एकटीच?

नणंद : एकटीच.

भाऊ : मग फोन ठेव आणि जा तिच्याजवळ.

नणंद : जाऊन काय करू रे? तीस वर्षं मी पोरांना गाऊन आणि बोलूनच जवळ केलं. दुसरं काही येत नाही मला.

भाऊ : मलाही नाही येत. तू फक्त तिच्या पाठीमागे बसू नकोस, ताई. समोर बस. तिला दिसशील अशी.