माया अर्धा इंच

हॅलो?

हां, बोल गं पोरी… मीच आहे. दुसरं कोण उचलणार आता?… ओरडत नाहीये. फोन खांद्यात धरलाय, हात ग्रीसने माखलेत… गॅरेजमध्ये. सकाळी अकराला मी आणखी कुठे असतो?

खाल्लं की… चहा-ब्रेड म्हणजे खाणंच ते. चार तुकडे खाल्ले. मोजून.

कोण म्हणालं?… समोरची नर्सबाई. तिला सांग, खिडकी तिची, गॅरेज माझं… हो, ठिणग्या उडतात. ग्राइंडर आहे तो, फुलं उधळणार आहे का?… चष्मा लावतो. लावतो म्हटलं ना.

कापलं. हो. बॉनेटखालचा पुढचा पत्रा कापला. नवीन इंजिन रुंद आहे, मावत नव्हतं… वेड लागलेलं नाही मला. एकतीस वर्षं बसच्या वर्कशॉपात काढली, वेड लागायचं असतं तर तिथेच लागलं असतं.

कसला ट्रक?

थांब. कसला ट्रक?… माझ्या दारात? आज?… अगं, मला विचारायची पद्धत आहे की नाही?… कळवतेस कसलं, ट्रक निघाल्यावर कळवणं म्हणजे… थांब. बाहेर हॉर्न वाजतोय.

ओ भाऊ, फाटकाला टेकवू नका, बिजागरी निखळलीय. दोन मिनिटं थांबा. फोनवर आहे.

हॅलो… आलाय तुझा ट्रक. चांगला लांबलचक, सपाट पाठीचा. हत्ती मावेल… मी कुठे रागावलोय? हसतोय उलट. म्हणजे ठरलं सगळं. गाडी त्या जुन्या गाड्या नीट करणाऱ्याकडे जाणार, तो ती होती तशी करणार, आणि मग ती तुझ्या बंगल्यापुढे झाकून ठेवायची. आणि मागोमाग मी. एकाच ट्रकात बसवतेस, का दोन फेऱ्या?

बरं, नाही बोलत तसं… नाही बोलत. पण गाडी जाणार नाही.

नाही म्हणजे नाही. त्याला परत पाठव… मग मी पाठवतो.

ऐक ना… अगं, माझं ऐक आधी. तुला वाटतं मी एकटा पडलो आणि हाताला काम नाही म्हणून जुन्या गाडीची चिरफाड करतोय. असं नाहीये ते… दोन टर्बो, हो. बरोबर ऐकलंस. सहा सिलिंडरचं इंजिन आहे, अपघात झालेल्या गाडीतलं. पुढून ठोकलेली होती, इंजिनाला खरचटलंही नव्हतं. तीन सिलिंडर या बाजूला, तीन त्या बाजूला. दोन्ही बाजूंचा धूर वेगळा निघतो, म्हणून एकेका बाजूला एकेक टर्बो… काय करतो म्हणजे? जाता जाता धूर एक पंखा फिरवतो, त्याच दांड्यावर पलीकडे दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त जोर. फुंकणीने चूल फुलवतात तसं. एवढंच आहे ते.

ब्रेक आधी बदलले. पहिलं काम तेच केलं. रेडिएटर मोठा घातला. पळायच्या आधी थांबायची सोय करणारा माणूस आहे मी, तू मला काय शिकवतेस?

ओ भाऊ, आत आलात तरी चालेल, पण त्या पाइपला हात लावू नका. तो नुसता अडकवून ठेवलाय… हो, दोन आहेत… हो, दोन्ही खरे आहेत.

तुझा ट्रकवाला आहे. आत आलाय. डोकं बॉनेटखाली घालून उभा आहे, बाहेर काढायचं नाव नाही… मी कशाला फूस लावू? त्याला डोळे आहेत.

काय म्हणालीस?

नाही, परत म्हण… आईला काय वाटलं असतं.

हं.

आहे ना, लाइनवरच आहे. हे स्टूल ओढून घेतो जरा… गुडघे दुखतात, दुसरं काही नाही.

आता नीट ऐक. मध्ये बोलू नको. तुला आठवतं, शेवटच्या उन्हाळ्यात तुझी आई अंथरुणावर बसून खाकी कागद कापायची? उशीखाली कात्री असायची… हां. तू विचारलंस तेव्हा काय म्हणाली?… नातीचा फ्रॉक. बरोबर. अगं, फ्रॉकला कोणी बोल्टची भोकं पाडतं का?

या गाडीचे होते ते कागद… सगळे. मी बॉनेटखाली वाकून मापं घ्यायचो, ओरडून सांगायचो, ती खिडकीशी बसून आखायची. इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशन, त्याच्या चार पट्ट्या. तिनेच आखल्या. माझा हात चालतो, पण आखायला बसलो की रेघ मांजरीच्या शेपटीसारखी. तिने तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले, तिची रेघ कधी चुकली?

कारण तिनेच सांगितलं होतं, तुला सांगायचं नाही… तू म्हणाली असतीस, आधी औषधं, मग गाडी. आणि तुझंही चूक नव्हतं. पण ती म्हणाली, औषधं डॉक्टर बघतील, गाडी कोण बघणार?

तिची कल्पना. होय, तिची… शपथ कशाला घालतेस? मी कधी खोटं बोललोय तुझ्याशी? गोड बोललो नसेन, खोटं बोललेलो नाही.

तो चढ आहे ना, हॉस्पिटलकडे जायचा. दर आठवड्याला जायचो आम्ही. ती मागच्या सीटवर, ऑक्सिजनचा बाटला शेजारी, पट्ट्याने बांधलेला. गाडी अर्ध्या चढावर तापली. मागे दुधाचा टँकर, हॉर्नवर हॉर्न. मी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, नुसती वाफ. मला वाटलं ती घाबरली असेल. मागे वळून बघतो तर हसतेय. तोंडावर तो मास्क, आणि हसतेय. म्हणाली, आम्हा दोघींना एकदमच दम लागला.

आणि मग म्हणाली… थांब, सांगतो. म्हणाली, मला आता नवी फुप्फुसं बसणार नाहीत. हिला तरी दोन चांगली बसवा.

हॅलो?

आहेस ना?… रडू नको. ऑफिसात आहेस ना, लोक बघतील… बरं, रड. दार लावून घे.

मी? मी नाही रडत. मला हे इंजिन चालू करायचंय… ती विनोद करत होती, मला कळतं. पण विनोद तिचा होता आणि हात माझे होते. दुसऱ्या दिवसापासून मापं घ्यायला लागलो. तिने पण नको नाही म्हटलं. उलट म्हणाली, खाकी कागद आणा, वर्तमानपत्राचा चुरगळतो.

सगळं कुठे नीट झालं? झालं नाही. ती गेल्यावर तीन महिने गॅरेजचं शटर उघडलं नाही मी. मग कागद कटिंगवाल्याकडे नेऊन दिले, जाड पत्रा कापून दे म्हटलं. त्याने कापून दिला. मी इंजिन साखळीने उचललं, खाली सोडलं, तर बसेचना. इकडून ढकल, तिकडून ढकल. दोन दिवस लोंबकळत होतं. गेलो भांडायला. भर दुकानात त्याला म्हटलं, तुला इंच कळतो का? तो गरीब माणूस, आत गेला. माझेच कागद आणून माझ्यापुढे ठेवले, वर पत्रा ठेवला. तंतोतंत. केसाचा फरक नाही.

मग मी कागद उजेडात धरला. तर आत दुसरी रेघ. पेन्सिलीची, तुटक, अगदी फिकी. आणि कडेला तिच्या अक्षरात, माया अर्धा इंच.

हो… शिवणीसाठी जास्तीचं कापड सोडतात ती. चारही पट्ट्यांना, चारही बाजूंनी. जन्मभर सवय. पोरं वाढतात, गणवेश उसवून सैल करता आला पाहिजे म्हणायची. आता पत्रा काय लठ्ठ होतो का?

हस. मी पण हसलो. तिथेच, दुकानात, ऑइलच्या पिंपावर बसून. कटिंगवाल्याला वाटलं माझं डोकं फिरलं. पाणी आणून दिलं त्याने. मी त्याची माफी मागितली.

मग काय, घासून काढली. तीन पट्ट्यांची काढली. तेच ते ग्राइंडरचं काम, तुझ्या नर्सबाईने पाहिलेलं… चौथीची एक कड आड येत नव्हती. ती राहू दिली. हात गेला नाही माझा. आणि पुढे बघ, डावीकडचा टर्बो बसवला, तर त्याला खालून आधारच नाही. पाइपावर सगळं वजन. तसा ठेवला असता तर पाइप तडकला असता. आणि बरोबर त्याच्याखाली ती कड. भोक पाडलं, बोल्ट घातला, बसला… नाही, मी काही चमत्कार वगैरे म्हणत नाही. अर्धा इंच पत्रा जास्त होता, तो कामाला आला. एवढंच म्हणतो.

आता सांग, ती कड त्या तुझ्या माणसाने फेकून दिली तर चालेल? कारखान्यातून आली तेव्हा नव्हती म्हणून?

हं… हं. मग.

नाही, मी तुझ्याकडे राहायलाही येणार नाही. दोन्ही प्रश्न एकदमच निकालात काढतो… येईन की भेटायला. राहायला नाही.

ओ भाऊ, ऐका. तुमचा ट्रक रिकामा नाही जाणार. त्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली काय आहे बघा… हां, जुनं इंजिन. या गाडीचंच. मागे दोर ओढायची चरखी आहे ना तुमच्या ट्रकला? चढेल मग. पण आधी इकडे या, सीटवर बसा जरा.

हॅलो… अगं, तुला मूळ पाहिजे ना? मूळ देतो तुला. पुसून, ग्रीस लावून ठेवलंय, लहान बाळासारखं. याच्यावरच तुझी आई गाडी शिकली, त्या टँकरपुढे हेच वाफाळलं. ठेव बंगल्यापुढे, झाकून ठेव, दिवा लाव, काय वाटेल ते कर… हसतेस काय, खरंच पाठवतोय. दोन माणसं लागतील उतरवायला. जावईबापूंना म्हणावं कंबर जपा.

नाही, गाडी नाही. गाडी इथेच. तेल भरून ठेवलंय, ते टर्बोंच्या नळ्यांपर्यंत पोचलं पाहिजे. कोरडे फिरले तर दोन मिनिटांत खलास. म्हणून पेट्रोल तोडलंय आणि नुसता सेल्फ मारायचा, तेलाच्या दाबाची सुई उठेपर्यंत… एकट्याने होत नाही. एकाने चावी धरायची, एकाने खाली वाकून बघायचं गळतंय का. चावी धरायचं काम नेहमी तुझ्या आईचं असायचं. तेच तर अडलं होतं इतके दिवस.

आता आहे की. तू पाठवलास ना माणूस.

भाऊ, चावी एक घर फिरवा… थांबा, अजून नाही. गियर मोकळा आहे ना? बघा हलवून.

काय गं?… रविवारी? येईन… अगं, ट्रकवर चढून नाही. चालवत. त्याच चढाने… हळू म्हणजे किती हळू? टँकरच्या पुढे राहीन इतपत हळू.

तू येतेस? कशाला, मी येतोच आहे की… इथून बसणार? माझ्याबरोबर?… मागे नको, पुढे बस. मागच्या सीटचा पट्टा अजून तसाच आहे, मी काढलेला नाही. ते तू आलीस की बघू. दोघं मिळून काढू.

बरं. आता ठेव. मला खाली झोपायचंय, फोन तेलात पडेल.

मारा हो भाऊ… मारा. सोडू नका. मारत राहा.

ऐकू येतंय?… सेल्फ आहे तो, इंजिन नाही. इतक्यात कुठलं इंजिन.

भाऊ, सुई?… काय?… किती?

उठली गं. ठेवतो.