प्रकाशचं दुसरं विमान

जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार.

जळोचीतले शेजारी आलेत. लोणी देवकरच्या कारखान्यातली प्रकाशच्या खात्यातली माणसं पाळी बदलून आलीत. आणि पुढच्या रांगेत त्याचे विमानवाले मित्र बसलेत, लांबलांबून आलेले. मी सुमन, प्रकाशची थोरली बहीण. उभा जन्म शाळेत शिकवलं, बोलायची मला सवय आहे. पण धाकट्या भावाबद्दल ‘होता’ म्हणताना जीभ अडते. अडली तर मी थांबेन. तुम्हीही थांबा.

आम्ही लहान असताना अण्णांनी पुण्याहून एक खेळ आणला होता. भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्या, चाकं, बारीक नटबोल्ट. मी एकदा झोपाळा केला आणि खेळ सोडला. प्रकाशनं सोडला नाही. पूल करायचा, क्रेन करायचा, आणि पूर्ण झालं की लगेच उघडायचा. मी म्हणायचे, राहू दे की रे जरा, बघू दे सगळ्यांना. तो म्हणायचा, "आक्का, चुकलंय हितं. पुन्हा जोडतो." चुकायची त्याला भीती नव्हती. चुकलं की उघडायचं, पुन्हा जोडायचं. खेळण्यात ते चालतं.

मोठा झाला, फिटर झाला, संसार झाला. आणि मग घरामागच्या शेडमध्ये लाकडी पेट्या यायला लागल्या. त्यात विमानाचे भाग होते. ॲल्युमिनियमचे पत्रे, आणि त्यांना भोकं आधीच पाडलेली. मला हाताला धरून शेडमध्ये नेलं त्यानं. एक पत्रा उजेडापुढं धरला आणि म्हणाला, "बघ आक्का, त्योच खेळ हाय. नुसता मोठा झालाय."

आमची कल्पना, प्रकाशची बायको, तेव्हा दारात उभी होती. ती आत निघून गेली.

पुढच्या रांगेतल्या मंडळींनो, तुम्ही पहिल्यांदा घरी जेवायला आलात, तेव्हा मी एकेकाला विचारलं होतं, हे वेड लागलं कुठून? सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. लहानपणी असाच पट्ट्या-नटबोल्टांचा एक डबा होता घरात. हसत हसत सांगितलंत. मीही हसले. पण भाकरी वाढता वाढता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. एवढी मोठी माणसं, आणि एकाच्याही बोलण्यात पडण्याची गोष्ट नाही. सगळं जोडण्याचं.

विमान तयार झालं. इंदापूरकडं पाहुण्यांच्या रानात विमान पळवायला मुरमाची पट्टी केली. उडवायची परवानगी अजून आलेली नव्हती. रविवारी सकाळी मला फोन आला. "आक्का, ये बघायला. नुसतं पळवनार हाय." मी म्हटलं, नुसतं? "व्हय गं. चाकं जमिनीवरच. शपथ."

म्हणून गेले मी. कल्पना आली नाही.

तो बसला, इंजिन सुरू केलं. एकदा पळवलं, परत आणलं. दुसऱ्यांदा पळवलं, परत आणलं. मला हात केला. तिसऱ्यांदा निघाला तेव्हा आवाज वेगळा होता. जास्त होता. माझ्या शेजारी विमानवाल्यांतले अंकुशराव उभे होते, ते हळूच म्हणाले, "कमी कर रे." आवाज कमी झाला नाही. विमानाचं नाक वर आलं. मग चाकं वर आली.

अंकुशराव, तुम्ही सगळ्यांना सांगता की वाऱ्यानं उचललं. माझ्यासाठी सांगता, कल्पनासाठी सांगता, कळतं मला. पण वारा कळावा म्हणून काठीला बांधलेलं कापड मी बघत होते. ते हलत नव्हतं.

समोर सरळ मोकळं रान होतं. तिथं उतरवता आलं असतं, असं नंतर जाणत्यांनी सांगितलं. तो वळला. आमच्याकडं यायला वळला. एक पंख खाली गेला, आणि विमान डाळिंबाच्या बागेत गेलं. मी पळाले. आम्ही सगळेच पळालो. पोचलो तेव्हा इंजिन बंद होतं आणि प्रकाशही.

उचललं कुणी, वाऱ्यानं की त्यानं, हे आता कुणी सांगू शकणार नाही. ते मी माझ्यापाशी ठेवीन. पण मी आज उभी राहिले ती एवढ्यासाठी नाही.

शेडमध्ये दुसरं विमान आहे. अर्धं झालेलं. हे पेटीतून आलेलं नाही, त्याचं त्यानं आखलेलं आहे. त्यात दोन माणसांची जागा आहे. दुसरी जागा मयूरीची. त्याच्या लेकीची.

माती झाली त्या दुपारी मी पाणी घेऊन शेडकडं गेले. मयूरी आत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं. मला म्हणाली, "आत्या, पप्पांचं कुठं चुकलं ते मला कळलंय. वळायला नको होतं. सरळ उतरवायचं. बाकी सगळं बरोबर होतं."

बाकी सगळं बरोबर होतं. बापाला पोचवून आलेली पोर हे म्हणत होती.

आणि मंडळींनो, तिच्याभोवती तुम्ही होता. कुणी पंखावरून हात फिरवत होतं. कुणी म्हणालं, काम झकास झालंय. कुणी म्हणालं, थोडंच राहिलंय. तुम्ही वाईट माणसं नाही. प्रकाशवर तुमचा जीव होता, त्याला खांदा तुम्हीच दिलात. पण मला सांगा, तुमच्यातल्या एकानं तरी तिला ‘नको’ म्हटलं का?

कल्पनाच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे, बघताय ना. सकाळी मयूरी म्हणाली, "तुमी व्हा पुढं, आलेच." आली नाही. फोन उचलत नाही. ती कुठं आहे हे मला ठाऊक आहे, कल्पनाला ठाऊक आहे, आणि तुम्हालाही ठाऊक आहे.

तेव्हा आता उभे राहू या. थोडा वेळ कुणी बोलू नका. मी हात जोडले की शांतता संपली. मग मी इथून थेट शेडकडं जाणार आहे. अंकुशराव, तुम्ही माझ्याबरोबर चला. पाना-हातोडी नको, मोकळ्या हातानं चला.

प्रकाश, बाळा, तुला शेवटचा जय भीम. राहिलेलं बोलणं मी तुझ्या लेकीशी करते.

उभे राहा.