टोरंटो का विनिपेग

आमच्या वसंताचं सांगतो. कॅनडाले जायची परवानगी मिळाली, अन् आम्ही तिघं दोस्त त्याच्या बालाघाटच्या घरी नकाशा पसरून बसलो. मी म्हणलं, "टोरंटोले जा, तिथं कामं लय."

वसंता म्हणे, "विनिपेगले घरं सस्ती हायत."

"अबे, थंडीनं मरशील तिथं!"

दुपारभर भांडलो. वहिनी चहा घेऊन आल्या, तसं वसंतानं गमतीनं विचारलं, "सुमन, तुले कोणतं शहर पसंत हाय?"

वहिनी थबकल्या. "काहून? मीबी येऊन राह्यली का?"

अख्ख्या दुपारी त्यांचं नावबी कोणी काढलं नव्हतं. आम्ही शरमेनं खाली पाहत राह्यलो. वसंता "हौ" म्हणला, पण ते म्हणायले त्याले इतका वेळ लागला, का तवापर्यंत वहिनी आत गेलत्या.